प्रथिन काइनेज रोधक औषधे : पेशीतील कार्य, रुग्णावरील परिणाम आणि किमतीचा प्रश्न

प्रस्तावना

इमॅटिनिब, जेफिटिनिब, एर्लोटिनिब, सोराफेनिब, रुक्सोलिटिनिब. गेल्या पाव शतकात वैद्यकीय चिठ्ठीवर येऊ लागलेल्या या नावांचा शेवट सारखाच आहे आणि तो योगायोग नव्हे. औषधांना आंतरराष्ट्रीय नाव देताना 'निब' हा प्रत्यय रोधकासाठी, म्हणजे एखाद्या विकराचे काम अडविणाऱ्या द्रव्यासाठी वापरला जातो. या औषधांच्या बाबतीत तो विकर म्हणजे प्रथिन काइनेज होय. प्रस्तुत लेखात ही औषधे पेशीत नेमके काय करतात, त्यांचे इष्ट आणि अनिष्ट परिणाम कशामुळे घडतात आणि भारतीय रुग्णापर्यंत ती कोणत्या मार्गाने पोहोचली, याचा विचार केला आहे. विषय रसायनशास्त्राचा असला तरी त्याचा एक धागा मुंबईच्या पेटंट कार्यालयात आणि उच्च न्यायालयात जातो. म्हणून विज्ञान आणि कायदा यांची येथे फारकत केलेली नाही.

काइनेज म्हणजे काय?

पेशीतील प्रथिने तयार होताच कामाला लागतात असे नाही. त्यांपैकी अनेकांना 'चालू' आणि 'बंद' अशा दोन अवस्था असतात. अवस्था बदलण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे प्रथिनाच्या ठरावीक जागी फॉस्फेटचा एक गट जोडणे किंवा काढून घेणे. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो जोडला गेला की आसपासची अमिनो आम्ले आकर्षित किंवा प्रतिकर्षित होतात, प्रथिनाची घडी बदलते आणि त्याबरोबर त्याचे कामही बदलते. फॉस्फेट जोडणारा विकर म्हणजे काइनेज आणि काढणारा म्हणजे फॉस्फटेज. जोडावयाचा फॉस्फेट येतो तो एटीपी या रेणूपासून. शालेय पुस्तकात आपण एटीपीला पेशीचे 'ऊर्जेचे चलन' म्हणून ओळखतो. निरोप पोहोचविण्याच्या कामीही तेच चलन खर्च होते.

एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी सिएटल येथे १९५० च्या दशकाच्या मध्यास स्नायूंतील ग्लायकोजेनच्या विघटनाचा अभ्यास करताना ही यंत्रणा उघडकीस आणली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९२ मध्ये. मधल्या साडेतीन दशकांत या शोधाचे महत्त्व हळूहळू उलगडत गेले. १९७९ मध्ये टोनी हंटर यांनी टायरोसिन या अमिनो आम्लावरही फॉस्फेट जोडला जातो, हे दाखवून दिले. तोपर्यंत सेरिन आणि थ्रिओनिन एवढीच ठिकाणे माहीत होती. पुढे असे दिसून आले की कर्करोगाशी संबंधित अनेक जनुके टायरोसिन काइनेजच बनवितात. मानवी जनुकसंचाची वाचणी झाल्यानंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत ५१८ प्रथिन काइनेज मोजले गेले.

पेशीने विभागावे की थांबावे, जगावे की मरावे, सूज आणावी की शमवावी, हे निरोप या काइनेजांच्या साखळीतूनच जातात. साखळीतील एखादी कळ कायमची 'चालू' अवस्थेत अडकली, तर पेशी वरून हुकूम नसतानाही विभागत राहते.

लहान रेणूचे वैशिष्ट्य

'लहान रेणू' हा शब्द येथे सापेक्ष अर्थाने घ्यावयाचा आहे. इमॅटिनिबचे आण्विक वजन सुमारे ४९४ डाल्टन आहे, तर ट्रास्टुझुमॅबसारख्या प्रतिपिंड औषधाचे सुमारे दीड लाख डाल्टन. प्रतिपिंड पेशीच्या बाहेरच राहतो, त्याला शिरेतून वा त्वचेखाली द्यावे लागते आणि बाहेर डोकावणाऱ्या ग्राहकालाच तो पकडू शकतो. लहान रेणू तोंडावाटे घेता येतो, आतड्यातून शोषला जातो आणि पेशीचे पटल ओलांडून आतील काइनेजपर्यंत जातो. घरी बसून रोज एक गोळी घेता येणे, ही सोय भोपाळच्या शिवाजी नगरात राहणाऱ्या आणि उपचारासाठी पंजाब मेलने मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने लहान नाही.

परंतु रसायनशास्त्रज्ञांना एक अडचण फार काळ दुर्लंघ्य वाटत होती. काइनेज अडविण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे एटीपी बसण्याची खाच. ती खाच ५०० हून अधिक काइनेजांत जवळजवळ सारखी आहे. शिवाय पेशीत एटीपीचे प्रमाण औषधाच्या मानाने प्रचंड असते, आणि त्या गर्दीत औषधाला जागा मिळवावी लागते. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांच्या गटाने १९७७ मध्ये मातीतील स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूपासून स्टॉरोस्पोरिन वेगळे केले. पुढे ते प्रबळ काइनेज रोधक असल्याचे आढळले, पण ते बहुतेक सर्वच काइनेजांना अडविते. प्रयोगशाळेत त्याचा उपयोग मोठा, रुग्णाला मात्र ते देण्याजोगे नव्हते. त्यामुळे 'काइनेज हे औषधाचे लक्ष्य होऊ शकत नाही' असा समज बळावला होता. जपानमध्येच १९९५ मध्ये मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या आकुंचनासाठी फासुडिल मान्य झाले. ते ऱ्हो काइनेज अडविते. तरीही खरी कलाटणी मिळाली ती रक्ताच्या एका कर्करोगामुळे.

फिलाडेल्फियाचे गुणसूत्र आणि इमॅटिनिब

क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, प्लीहा मोठी होते आणि उपचार न झाल्यास काही वर्षांत रोग तीव्र अवस्थेत जातो. १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथील पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके जोडली जातात आणि त्यांपासून बनणारे जोडप्रथिन हा सतत 'चालू' असणारा टायरोसिन काइनेज असतो. एका रोगास एकच प्रमुख दोष, असे उदाहरण कर्करोगात विरळा. म्हणून येथील यशावरून इतर कर्करोगांविषयी अनुमान काढताना जपून राहावे लागते, हे सांगणे आवश्यक वाटते.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान आदी शास्त्रज्ञ फेनिलअमिनो-पिरिमिडिन वर्गातील रेणूंवर काम करीत होते. मूळ रेणू प्रोटीन काइनेज सी अडवीत असे. त्याच्या एका वलयावर एक मिथिल गट बसविताच ती क्रिया नाहीशी झाली आणि टायरोसिन काइनेजवरील क्रिया टिकली. मग पाण्यात विरघळावा म्हणून त्यास मिथिल-पिपरॅझिनचे शेपूट जोडले. एका कार्बनाने निवड बदलावी, हे औषधी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतील ब्रायन ड्रकर यांनी हा रेणू रुग्णांच्या पेशींवर तपासून पाहिला आणि त्याच्या चाचण्यांसाठी पाठपुरावा केला. १९९६ मध्ये सीबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस अस्तित्वात आली आणि जून १९९८ मध्ये रुग्णांवरील चाचणी सुरू झाली. रोज ३०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशी पूर्ववत झाल्या. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीतील रुग्णांचा दहा वर्षांनंतरचा जगण्याचा दर सुमारे ८३ टक्के आढळला.

इमॅटिनिब इतके निवडक कसे, याचे उत्तर जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्फटिकरचनेतून मिळाले. काइनेज जेव्हा 'बंद' अवस्थेत असतो, तेव्हा त्याच्या खाचेशेजारी आणखी एक पोकळी उघडते. 'चालू' अवस्थेत सर्व काइनेज एकमेकांसारखे दिसतात, परंतु 'बंद' होण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. इमॅटिनिब एबीएलच्या या बंद रूपाला चिकटते आणि त्यास पुन्हा चालू होऊ देत नाही.

प्रतिकार

रोगाच्या पेशीही स्वस्थ बसत नाहीत. २००१ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने दाखविले की औषधास दाद न देणाऱ्या काही रुग्णांत एबीएलच्या ३१५ व्या स्थानी थ्रिओनिनच्या जागी आयसोल्यूसिन आलेले असते. हे स्थान खाचेच्या तोंडाशी, जणू द्वारपालासारखे आहे. थ्रिओनिन इमॅटिनिबशी हायड्रोजन बंध साधते. आयसोल्यूसिन तो बंध तोडते आणि जागाही अडविते. पुढे दसॅटिनिब २००६ मध्ये आणि निलोटिनिब २००७ मध्ये आले. अनेक बदलांवर ती चालतात, या द्वारपालापुढे मात्र हरतात. त्यासाठी पोनॅटिनिब २०१२ मध्ये मान्य झाले. २०२१ मध्ये आलेले असिमिनिब तर एटीपीच्या खाचेत जातच नाही. ते एबीएलच्या दुसऱ्याच एका पोकळीत बसते. ज्या पेशींनी खाचेतील बदलाचा आधार घेतला, त्यांना हा मागच्या दाराने आलेला पाहुणा अनपेक्षित असतो.

जैविक परिणाम : इष्ट आणि अनिष्ट

कोणतेही काइनेज औषध एकाच काइनेजला अडवीत नाही. याचा लाभही होतो. इमॅटिनिब एबीएलखेरीज किट आणि पीडीजीएफ ग्राहक हे दोन काइनेज अडविते, म्हणून पचनमार्गाच्या जिस्ट नावाच्या गाठीवरही ते उपयोगी ठरले. परंतु किट हा काइनेज त्वचेतील रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींनाही लागतो. त्यामुळे सावळ्या वर्णाच्या काही रुग्णांची त्वचा उपचारात उजळते. डोळ्यांभोवती सूज, पायांत गोळे येणे, मळमळ, रक्तपेशी घटणे हे त्याचे नेहमीचे त्रास होत. दसॅटिनिबने फुप्फुसाभोवती पाणी साचू शकते. पोनॅटिनिबमुळे धमन्यांत गुठळ्या होत असल्याचे दिसून आल्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबविण्यात आली होती. ईजीएफ ग्राहक अडविणाऱ्या औषधांनी चेहऱ्यावर पुरळ उठते आणि जुलाब होतात, कारण तोच ग्राहक त्वचेच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या वाढीसाठी लागतो. म्हणजे येथे दुष्परिणाम ही त्याच कार्याची दुसरी बाजू असते.

कर्करोगापलीकडचे उदाहरण म्हणजे जॅनस काइनेज अडविणारे टोफासिटिनिब. ते २०१२ मध्ये संधिवातासाठी मान्य झाले. रोगप्रतिकार शक्तीचे निरोप दाबल्याने सांध्यांची सूज ओसरते, पण सुप्त क्षयरोग डोके वर काढू शकतो. आपल्याकडे हे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करणे ही औपचारिकता समजू नये.

क्षयाचा संबंध आणखी एका बाजूने येतो. इमॅटिनिबचे विघटन यकृतातील सीवायपी३ए४ या विकराकडून होते. क्षयावरील रिफॅम्पिसिन या विकराचे प्रमाण वाढविते आणि त्यामुळे रक्तातील इमॅटिनिबची एकूण उपलब्धता सुमारे पाऊण पटीने घटते. रुग्ण दोन्ही गोळ्या इमानाने घेत राहतो आणि ल्यूकेमिया मात्र हाताबाहेर जातो. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतून दोन चिठ्ठ्या घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत असे घडणे अगदी शक्य आहे, म्हणून औषधांची पूर्ण यादी दोन्ही डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे. याउलट काही बुरशीनाशके आणि प्रतिजैविके तोच विकर अडवितात आणि औषधाचे प्रमाण वाढवितात. गर्भाला अपाय होण्याचा संभव असल्याने गर्भारपणात इमॅटिनिब टाळले जाते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा रोग तरुण वयात अधिक आढळतो, तेव्हा ही सूचना अनेक घरांना लागू पडते.

फुप्फुसाचा कर्करोग आणि मुंबईतील एक चाचणी

जेफिटिनिब २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले तेव्हा ते थोड्याच रुग्णांना लागू का पडते, हे कोडे होते. २००४ मध्ये उत्तर मिळाले. ज्यांच्या गाठीत ईजीएफ ग्राहकाच्या जनुकात विशिष्ट बदल झालेला असतो, त्यांनाच त्याचा ठळक गुण येतो. असे बदल धूम्रपान न करणाऱ्यांत आणि आशियाई रुग्णांत अधिक सापडतात. भारतातील प्रमाण युरोप आणि पूर्व आशिया यांच्या दरम्यान, ढोबळमानाने पाव हिस्सा आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने येथे मोलाची भर घातली. वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला केवळ जेफिटिनिब आणि दुसऱ्यास जेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही रसायने दिली. रोग पुढे न सरकण्याचा मध्यक काळ पहिल्या गटात ८ महिने, तर दुसऱ्यात १६ महिने भरला. एकूण आयुष्यही वाढले. अर्थात त्याची किंमत होती : तीव्र दुष्परिणाम पहिल्या गटात सुमारे २५ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ५१ टक्के रुग्णांना झाले. त्या काळात पाश्चात्त्य देशांत ओसिमर्टिनिब हे नवे, महागडे औषध पुढे येत होते. स्वस्त झालेल्या जुन्या गोळीतून अधिक काय मिळविता येईल, हा प्रश्न ज्या ठिकाणी रुग्णांना त्याची गरज आहे, तेथेच विचारला गेला.

किंमत आणि पेटंट

आता या विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. भारतात १९७० च्या कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे. ते १ जानेवारी २००५ पासून मिळू लागले. इमॅटिनिबचा मूळ रेणू १९९३ च्या परदेशी पेटंटांतील. नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईस जो अर्ज केला, तो इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या 'बीटा' स्फटिकरूपासाठी होता. अर्ज प्रलंबित असतानाच नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीस विक्रीचा एकाधिकार मिळाला. तिच्या ग्लिव्हेकची किंमत महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये होती, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांची ८,००० ते १०,००० रुपये. कंपनीचा मोफत औषधांचा कार्यक्रमही चालू होता आणि त्याचा लाभ अनेकांना झाला, हे नमूद करणे न्याय्य होईल. पण दानावर चालणारा उपचार आणि परवडणारा उपचार यांत फरक असतो. या एकाधिकाराच्या आधारे कंपनी न्यायालयांत गेली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने भारतीय उत्पादकांना मनाई केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई करण्यास नकार दिला. एकच औषध, दोन शहरांत दोन न्याय!

पेटंटच्या अर्जास मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि काही भारतीय कंपन्यांनी हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. वादाचे मूळ होते कायद्याचे कलम ३(ड). ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपामुळे 'परिणामकारकता' लक्षणीय वाढत नसेल, तर तो शोध मानू नये, असे हे कलम सांगते. कंपनीचे म्हणणे होते की बीटा रूपाचे शोषण सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होते. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता; केवळ अधिक शोषणाने ती वाढल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णयाचा आशय आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने स्फटिकरूपांचा धडा शिकविताना या निकालाचा उल्लेख अवश्य करावा.

सोराफेनिबचे प्रकरण निराळे. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील या औषधावर बायर कंपनीचे भारतात रीतसर पेटंट होते आणि महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना दिला. भारतातील असा हा पहिलाच परवाना. महिन्याची किंमत ८,८८० रुपये ठरली, बायरला स्वामित्वशुल्क ६ टक्के मिळावयाचे होते. अपिलात ते ७ टक्के झाले. औषध पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचत नाही आणि किंमत वाजवी नाही, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. संशोधनाचा खर्च कोणी सोसावा, हा कंपन्यांचा प्रश्न खोटा नाही. तथापि लाखांतील बहुसंख्य रुग्णांना जे औषध घेताच येत नाही, त्याच्या पेटंटमुळे त्या रुग्णांच्या बाबतीत कंपनीचाही फायदा होत नाही, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे कळते.

औषध घरात आल्यानंतर

स्वस्त गोळी मिळाली तरी ती रोज घेणे हे वेगळेच काम आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांच्या डब्यांच्या झाकणांत इलेक्ट्रॉनिक नोंदणीयंत्र बसवून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास झाला. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक मात्रा घेतल्या, त्यांपैकी सुमारे ९४ टक्क्यांत रोगाचा जनुकीय मागमूस अपेक्षित पातळीपर्यंत घटला. ९० टक्के वा त्याहून कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २८ टक्केच राहिले. महिन्यातून तीनच गोळ्या चुकल्या की ९० टक्क्यांची रेषा गाठली जाते. बरे वाटू लागलेला माणूस गोळी चुकवितो, हे मधुमेह वा रक्तदाबाच्या बाबतीत आपण घरोघरी पाहतो.

रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण पीसीआर तपासणीने मोजतात. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी ते १० टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी १ टक्क्यापर्यंत आणि वर्षअखेर ०.१ टक्क्यापर्यंत उतरावे, अशी अपेक्षा असते. ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी लागते. गोळीची किंमत उतरल्यावर अनेक कुटुंबांना तपासणीचा खर्चच जड वाटतो आणि ती टाळली जाते. मग प्रतिकार वेळेवर कळत नाही.

काही रुग्णांना गोळी पुढे थांबविताही येते. फ्रान्समधील एका अभ्यासात किमान दोन वर्षे रोगाचा मागमूस न आढळलेल्या १०० रुग्णांचे इमॅटिनिब बंद करण्यात आले. वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के रुग्ण औषधाविना रोगमुक्त राहिले. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा रोग पहिल्या सहा महिन्यांतच परतला, आणि औषध पुन्हा सुरू करताच बहुतेकांत तो पुन्हा आटोक्यात आला. मात्र यासाठी सुरुवातीचे महिने दरमहा पीसीआर करणे अनिवार्य आहे. जेथे ती सोय नाही, तेथे डॉक्टर गोळी चालू ठेवणेच पसंत करतात.